रंग वाचला

डहाणू
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय जयू,

सोमवारी शाळा उघडली. आज शनिवार, आणि तुझी लेक अजून उधव्यालाच. फोन लावला की तुझं एकच, "दीप्ती, नंतर बोलते." म्हणून म्हटलं, डी.एड.ला असताना सुट्टीत लिहायचो तसं सरळ पत्रच टाकावं. पत्राला 'नंतर बोलते' म्हणता येत नाही.

अगं, पोरीची तब्येत बरी आहे ना? जूनपासून चंद्रिका माझ्याकडे राहते आहे, तेवढ्या काळात तिने एकही दिवस शाळा बुडवली नव्हती. यतीन रेल्वेची ड्यूटी संपवून आला की आधी विचारतो, "चंदू आली का?" सासूबाईंनाही करमत नाही. रोज संध्याकाळी ती त्यांना पेपर वाचून दाखवायची ना!

आणि मुख्य म्हणजे २० डिसेंबरला स्नेहसंमेलन आहे. माझ्या चौथीच्या वर्गाचं 'आदिवासी नृत्य' मी बसवते आहे, हे तिने सांगितलंच असेल. ती पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. क्रेप कागदाच्या पानांचे घागरे शिवून तयार आहेत, थर्माकोलच्या हाडांच्या माळा आणल्यात. बाकीच्या मुलींना कोळशाची पूड तेलात कालवून फासणार आहोत. सुट्टीआधीच्या तालमीला मी चंदूला म्हटलं, "तुला फासायची गरजच नाही गं, आपला तेवढा रंग वाचला!" सगळा वर्ग हसला, तीसुद्धा हसली. इतकी खेळकर पोर आहे! शिकार मिळाल्यावर तुमच्यात कसं ओरडतात, तेही तिनेच सगळ्यांना शिकवलं. तिच्यावाचून नाच उभाच राहत नाही.

शैलेशचं प्रकरण मात्र माझ्या मनातून जात नाही. तुला फोनवर सांगितलं होतं ना, तिकडे आयर्लंडला माझ्या या एवढ्या शिकलेल्या भावाला बसमध्ये दोन पोरं म्हणाली, "तुझ्या अंगाला वास येतो, तुझ्या देशात जा." बसमधलं कोणी काही बोललं नाही, काहीजण हसले म्हणे. वंशभेद वंशभेद म्हणतात तो हाच. आम्ही महिनाभर जेवताना हाच विषय बोलत होतो. चंदूने एकदा विचारलं, "त्या पोरांना पोलीस धरतात का?" सगळं लक्ष असतं तिचं.

लवकर पाठव तिला. जीवनभावजींना नमस्कार.

तुझी,
दीप्ती


उधवा
१२ नोव्हेंबर

प्रिय दीप्ती,

पत्र मिळालं. चंद्रिकाला जरा ताप होता, कासाच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. आता बरी आहे, पण आजी तिला सोडायला तयार नाही. आणखी काही दिवस राहील.

एक काम कर. तिची पुस्तकं, वह्या आणि कंपासपेटी कोणाबरोबर तरी पाठव. म्हणजे अभ्यास बुडायचा नाही. नाचात दुसरी मुलगी घे.

घरी सगळ्यांना नमस्कार.

जयश्री


डहाणू
१६ नोव्हेंबर

जयू,

ही कसली चार ओळींची चिठ्ठी? आणि खाली नुसतं 'जयश्री'? वीस वर्षांत तू मला असं कधी लिहिलं नव्हतंस.

तापाला पुस्तकं लागत नाहीत. माझं काही चुकलं असेल तर सरळ सांग. जेवणाखाण्यात काही कमी पडलं का? तिच्या ताटात सुकट नसते म्हणून ती कंटाळली का? मी आठवड्यातून एकदा बाहेरून आणून द्यायची, पण सासूबाईंना घरात वास चालत नाही, ते तुला माहीत आहे. की यतीन काही बोलला? तो तर तिचे लाडच करतो.

काल सासूबाई म्हणाल्या, "या लोकांचं असंच असतं. आपण चांगलं करायला जावं, आणि हे मध्येच सोडून देतात." मी त्यांना चांगलं सुनावलं, जयू. म्हटलं, "जयू त्यातली नाही. ती तशी वाटतसुद्धा नाही." मी तुझ्यात आणि माझ्यात कधी भेद केला नाही. तू कोण आहेस हे माझ्या लक्षातसुद्धा राहत नाही, खरं सांगते.

पुस्तकं पाठवत नाही. तिलाच पाठव.

दीप्ती


उधवा
२३ नोव्हेंबर

प्रिय दीप्ती,

ताप नव्हता. मी खोटं लिहिलं. तुझ्याशी भांडण नको म्हणून लिहिलं, आणि लिहिल्यावर माझाच राग आला. आज रविवार आहे, घरी कोणी नाही, चहा करून बसले आहे. आता सगळं सांगते.

दिवाळीला चंद्रिका आली, तीच गप्प. आजीशी आमच्या बोलीत बोलेना. आजीने काही विचारलं की पुस्तकातल्यासारखं मराठी उत्तर. माझी आई म्हणाली, "काय गो, तुझी जीभ डहाणूला राहिली काय?" आम्ही हसण्यावारी नेलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. चंद्रिका तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आजी, आपण शिकार मिळाल्यावर कसं ओरडतो?"

आईने सूप खाली ठेवलं. "कसली शिकार?"

"आपली. जंगलातली."

"अगो, मी चाळीस वर्षं घोलवडला चिकूच्या वाडीत फळं उतरवली. चिकू पळत नाही, त्याच्यामागे काय ओरडायचं? ओरडायचं म्हणशील तर मुकादमावर ओरडले. तेही मराठीत, नाहीतर त्याला कळायचं नाही."

मी आतून ऐकत होते, मला हसू फुटलं. बाहेर येऊन बघते तर चंद्रिका रडते आहे. थांबेचना. आईने तिला मांडीवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला. हुंदक्याहुंदक्यांत तिने सांगितलं. तू तिला विचारलंस, "तुमच्यात खरंखुरं कसं ओरडतात ते दाखव." तिला माहीत नव्हतं. पण सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, तू बघत होतीस. माहीत नाही म्हटलं असतं तर तू हिरमुसली असतीस. म्हणून तिने मनाने एक आवाज बनवला, आणि तू सगळ्यांना तो म्हणायला लावलास. ती म्हणाली, "आई, मी आपल्याबद्दल सगळ्यांना खोटं शिकवलं."

मग तिने रंगाचं सांगितलं. तुझ्या पत्रात ते नंतर वाचलं. तू ते मजेत लिहिलंयस, म्हणजे तुला खरंच काही वाटलं नव्हतं, एवढं मला कळलं. तिला वाटलं. त्या रात्री तिने मला विचारलं, "बाकीच्या मुलींचा रंग नाच झाल्यावर साबणाने जाणार ना?" मी हो म्हटलं. 

दीप्ती, कागदाची पानं गुंडाळून, हाडांच्या माळा घालून आमच्यात कोणी नाचत नाही. तुला ते ठाऊक आहे. माझ्या लग्नात तू आमच्या अंगणात नाचलीस, तेव्हा तुझ्या शेजारी नाचणाऱ्या बायका लुगड्यांत होत्या आणि अबोलीचे गजरे माळून होत्या. डोळ्यांनी बघितलेलं सोडून तू सिनेमातलं का घेतलंस?

आणि 'ती तशी वाटत नाही'. हे वाक्य तू डी.एड.च्या पहिल्या वर्षी वसतिगृहात सगळ्यांसमोर म्हटलं होतंस. मला इतका आनंद झाला होता! दोन वर्षं ते मी पदकासारखं मिरवलं. तसं वाटू नये म्हणून आईला वसतिगृहावर येऊ दिलं नाही. ती एकदा दाण्यांचा डबा घेऊन आलीच, तर मी तिला फाटकाबाहेर भेटले. ते पदक मी कधीच काढून ठेवलं आहे. माझ्या मुलीच्या गळ्यात मी ते बांधू देणार नाही.

तू तिला जीव लावलास. ते खरं आहे आणि हेही खरं आहे. दोन्ही तितकंच खरं आहे.

चंद्रिकाला मी सध्या माझ्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवते. तुला तिला काही म्हणायचं असेल तर कानात म्हणू नकोस. ते वाक्य चाळीस मुलांसमोर बोललं गेलं, त्याचं काय करायचं तेही त्या चाळिसांसमोरच कर.

जयश्री


डहाणू
२७ नोव्हेंबर

जयश्री,

तुझं पत्र दोनदा वाचलं. यतीनला दाखवलं. तोही म्हणाला, "हे फार झालं."

पाच महिने मी त्या मुलीला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. तिच्या केसांना तेल लावलं, पाढे पाठ करून घेतले, ताप आला त्या रविवारी उशाशी बसले. आणि एका गमतीच्या वाक्यासाठी तू मला त्या आयर्लंडच्या पोरांच्या पंगतीला बसवलंस? गंमत होती ती. माझ्या मनात काही नव्हतं. हल्ली प्रत्येक गोष्टीत असं काहीतरी शोधायची फॅशनच झाली आहे, पण तू तसं करशील असं वाटलं नव्हतं.

शाळेत बारा मुलींच्या आयांनी घागरे शिवलेत. नाच होणार.

पुस्तकं, वह्या, कंपासपेटी आणि तिचे कपडे खोक्यात घालून सोबत पाठवले आहेत. कपडे इस्त्री केले आहेत.

दीप्ती


उधवा
३० नोव्हेंबर

दीप्ती,

खोकं मिळालं. इस्त्री केलेल्या फ्रॉकमधून तुझा राग आणि तुझी माया दोन्ही मिळाली. आभार.

मी तुला कोणाच्या पंगतीला बसवलेलं नाही. तू वाईट आहेस असं माझ्या पत्रात कुठेच नाही, पुन्हा वाच. काय घडलं तेवढंच मी लिहिलं. घडलं ते तू नाकारलेलं नाहीस, फक्त त्याला गंमत म्हटलंस. तर एवढंच विचारते. शैलेशचा निरोप आला तेव्हा तू मला फोन केलास आणि पाऊण तास बोललीस. मी तेव्हा म्हटलं का, "पोरांनी गंमत केली असेल, मनाला लावून घेऊ नको"? मी म्हटलं, "त्याला म्हणावं, तक्रार कर." कारण बसमध्ये तो एकटा होता आणि हसणारे बाकीचे होते. गंमत आहे की नाही, हे हसणाऱ्यांनी ठरवायचं नसतं, हे तेव्हा आपल्या दोघींनाही सहज कळलं होतं.

मी तुमच्या मोठ्या बाईंना पत्र लिहिलं आहे. त्यात तुझं नाव आहे, कारण नाच तू बसवते आहेस. रंग, हाडांच्या माळा आणि ओरडणं, या तीन गोष्टी बंद कराव्यात असं लिहिलंय. चिडून लिहिलेलं नाही. मीही शिक्षिका आहे, स्नेहसंमेलनाची धावपळ मला कळते. पण पत्र जाणार. ते तुझ्या पाठीमागे जाऊ नये म्हणून त्याची नक्कल सोबत ठेवली आहे. त्यांना लिहिलेलं पत्र मी मुद्दाम मागाहून टाकते, ते बुधवारी पोचेल, तोवर तुला तयारी करायला वेळ आहे. हे मैत्रीण म्हणून करते आहे.

चंद्रिका मजेत आहे. माझ्या शाळेतल्या पहिलीच्या मुलांना ती वाचायला शिकवते. ती मुलं घरी वारली बोलतात, शाळेत मराठी. ती दोन्हीकडून समजावते. आजीशी आता बोलीत भांडते सुद्धा.

जयश्री


डहाणू
११ डिसेंबर

प्रिय जयू,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन्ही फाडली, कारण दोन्हींत मी शेवटी स्वतःचीच बाजू मांडली होती.

तुझं पत्र मोठ्या बाईंना बुधवारीच मिळालं. त्यांनी बोलावलं. म्हणाल्या, "आपला हेतू वाईट नव्हता असं दोन ओळींचं उत्तर पाठवून देऊ. काही पुरावा आहे का, मुलगी खूश होती असा?" मी म्हटलं, "आहे." माझ्या फोनवर त्या तालमीचा व्हिडिओ होता. तोच तुलाही पाठवणार होते. बघ म्हणावं, तुझी लेक कशी हसते आहे.

घरी येऊन लावला. आधी माझा आवाज ऐकू येतो, "आपला तेवढा रंग वाचला." वर्ग हसतो. चंदू हसत नाही. ती आधी स्वतःच्या हाताकडे बघते. मग इकडेतिकडे सगळ्यांच्या तोंडांकडे बघते. मग माझ्याकडे. आणि मग हसते. सगळ्यांच्या नंतर, एकटीच, आणि सगळे थांबल्यावरही थोडा वेळ हसत राहते.

जयू, मी तेव्हा तिच्यासमोर चार हातांवर उभी होते. मी हे बघितलं नव्हतं असं नाही. बघितलं होतं आणि 'गोड पोर' म्हणून पुढे गेले होते.

यतीनला दाखवला. तो बाहेर जाऊन गाडी पुसत बसला, जी त्याने सकाळीच पुसली होती. आत आल्यावर म्हणाला, "माझं ते 'फार झालं' तिला कळवलंस का? नसतंस कळवलं तर बरं होतं."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना सांगितलं की मी हा नाच बसवणार नाही. त्या म्हणाल्या, "ऐन वेळी? एका पत्रावरून?" म्हटलं, "पत्रावरून नाही, माझ्याच व्हिडिओवरून." त्यांनी स्नेहसंमेलनाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. दोन आया घागऱ्यांवरून भांडून गेल्या. एक म्हणाली, "त्यांच्यात कोण एवढं मनाला लावून घेतं?" मी म्हटलं, "माझ्या मैत्रिणीची मुलगी." आता चौथीचा वर्ग पाढ्यांवरचं नाटुकलं करणार आहे. फार रटाळ आहे. मीच लिहिलंय.

वर्गात बोलले. तू म्हणालीस तसंच, चाळिसांसमोर. म्हटलं, "मी चंद्रिकाच्या रंगावर विनोद केला. तो चुकीचा होता. तुम्ही हसलात, कारण मी बाई आहे आणि मी हसायला लावलं. त्यामुळे चूक माझी."  मग मागच्या बाकावरच्या कमळीने हात वर केला. झाई गावची, अबोल मुलगी. तिला मी नाचात घेतलंच नव्हतं. ती म्हणाली, "बाई, मागच्या वर्षी दुसऱ्या बाईंनी मलापण म्हटलं होतं, तुला रंग नको." मी विचारलं, "मग तू काय केलंस?" तर म्हणाली, "नाचले."

त्यानंतर मुलांना चित्रं काढायला सांगितली आणि खिडकीशी उभी राहिले.

सासूबाईंनाही म्हटलं, 'हे लोक' म्हणायचं बंद करा. त्या म्हणाल्या, "आता या वयात मला शिकवतेस?" आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना विचारलं, "पोरगी पेपर कोणाला वाचून दाखवते आता?" याहून जास्त त्यांच्याकडून होईल असं वाटत नाही.

मला चंदूला भेटायचं आहे. येऊ का? तू नको म्हणालीस तर येणार नाही.

तुझी,
दीप्ती


उधवा
१५ डिसेंबर

प्रिय दीप्ती,

चंद्रिकाला पत्र वाचून दाखवलं, व्हिडिओचा भाग सोडून. तो तिला सांगायची गरज नाही, ती तिथे होतीच.

तिने कमळीबद्दल तीनदा विचारलं.

ये. नाताळच्या सुट्टीत ये. तलासरीहून जीप मिळते. जेवायलाच ये. सुकट आहे, आणि इथे वास सगळ्यांना चालतो.

जयू


उधवा
८ जानेवारी २०२६

प्रिय दीप्ती,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते, पण चंद्रिकाचं ठरेपर्यंत थांबले. आता ठरलं आहे.

आधी त्या दिवसाबद्दल. तू ओट्यावर बसलीस आणि चंद्रिकाने तुला विचारलं, "मावशी, तुला तेव्हा खरंच कळलं नव्हतं?" मी दारात उभी होते. मला वाटलं, आता ही रडेल आणि पोरीलाच हिला समजवावं लागेल. तसं झालं असतं तर मी तुला जेवू घालून दुपारच्या जीपने परत पाठवलं असतं. पण तू म्हणालीस, "थोडं कळलं होतं. पण ते कळून घेतलं नाही तर माझं काही बिघडत नव्हतं." चंद्रिका उठली आणि म्हणाली, "हात धू, आजीने भाकरी टाकल्यात." आई मला नंतर म्हणाली, "तुझी मैत्रीण बरी आहे. खरं बोलायला उशीर लावते, पण बोलते."

तर आता. चंद्रिका सोमवारपासून तुमच्या शाळेत येते आहे. मी तिला म्हटलं होतं, माझ्याच शाळेत रहा, नाहीतर जूनमध्ये जा. नाही म्हणाली. "माझं नाव त्या हजेरीपटावर आहे. आणि कमळी एकटी बसते." बाकावर ती कमळीशेजारी बसणार आहे, तेवढी सोय कर. त्या ओरडण्याबद्दल वर्गाला काय सांगायचं तेही तिने ठरवलंय. तू मध्ये बोलू नकोस, आणि बोलून झाल्यावर 'शाब्बास' म्हणू नकोस. इतर मुलांना म्हणतेस तेवढंच म्हण.

पण ती तुझ्या घरी राहणार नाही. जीवनची बहीण सुनंदा वनखात्यात लिपिक आहे, तिची जव्हारहून डहाणूला बदली झाली. तिथेच, मल्याण भागात, तिने खोली घेतली आहे. चंद्रिका आत्याकडे राहील.

मी तिला कारण विचारलं. म्हटलं, मावशीने माफी मागितली, नाच बंद केला, अजून राग आहे का? म्हणाली, "राग नाही. मावशी चांगली आहे. पण तिच्या घरी मला सारखं चांगलं वागावं लागतं."

हे तुला लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. पूर्वीची मी असते तर 'आत्याला सोबत हवी होती' असं लिहून मोकळी झाले असते. आता तसं लिहावंसं वाटत नाही, आणि तू ते वाचून नीट झोपशील एवढा मला तुझा भरवसा वाटतो.

रविवारी तिला घरी बोलाव. मला फोन करू नकोस, तिलाच विचार. ती नाही म्हणाली तर पुढच्या रविवारी पुन्हा विचार.

तुझी,
जयू